तेराव्यानंतरचे कर्तव्य

महाशिवरात्रीला नागनाथाच्या दर्शनासाठी पुण्या-मुंबईहून औंढ्याला येणाऱ्या मुलांनी गावी असताना आणखी एक काम करावे. घरच्या शेतीचा सातबारा काढून पाहावा. त्यावर अजून दिवंगत आजोबांचेच नाव असेल, तर त्या घराचे एक कर्तव्य राहून गेले आहे.

तेरा दिवसांचे विधी आपण श्रद्धेने पार पाडतो. वारसनोंद मात्र ‘पुढे पाहू’ म्हणून राहते. कायद्यानुसार वारसांनी तीन महिन्यांत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, वर्दी द्यावयाची असते. ती न दिल्याने पीककर्ज अडते, आणि त्याचा पहिला फटका बसतो तो घरातील विधवेला. मृतांच्या नावाचे सातबारे इतके साचले की, १ एप्रिल २०२५ पासून शासनाला राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम हाती घ्यावी लागली.

वारसांच्या यादीतून मुलीचे नाव गाळणे हा तर उघड अन्याय होय. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत तिला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आहे. साडीचोळीवर तिची बोळवण करणाऱ्यांनी मातृशक्तीचा गौरव कोणत्या तोंडाने करावा?

बँकेतील ठेवींचीही तीच कथा. दहा वर्षे पडून राहिलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. मार्च २०२४ अखेर या निधीत ७८,२१३ कोटी रुपये होते. वारसांचा हक्क त्याने बुडत नाही. ‘उद्गम’ या संकेतस्थळावर शोध घेऊन मूळ बँकेकडे दावा करता येतो.

नामनिर्देशन केले म्हणजे सारे झाले, हाही भ्रमच. ‘कालनिर्णय’कार जयंतराव साळगांवकर यांच्या वारसांच्या वादात डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, नामनिर्देशित व्यक्ती मालक होत नाही, मालकी वारसाहक्कानेच ठरते. म्हणून दोन साक्षीदारांसमक्ष मृत्युपत्र करावे. मराठवाड्यातील शेतीच्या मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती कधीच नव्हती. मुंबईतील मालमत्तेसाठी ती होती, पण २०२५ च्या कायद्याने तीही उठली. आता सबब कोणती?

कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीतील अशी घरे शोधावीत, अर्ज लिहून द्यावेत, निराधार भगिनीसोबत कचेरीत जावे. कुटुंबव्यवस्थेचा अभिमान आपण नित्य सांगतो. वडिलांच्या पश्चात भावंडे न्यायालयाची पायरी न चढता एकत्र राहिली, तरच तो अभिमान सार्थ ठरेल.