प्रवेशपरीक्षेचं इंग्रजी : खाजगी अडचण की संघटनेचं काम?

वस्तीत पंधरा वर्षं काम केलेली बाई आणि परवाच एम.एस.डब्ल्यू. होऊन आलेली तेविशीतली मुलगी, ह्या दोघींत पगार कुणाला जास्त? आपल्या कुठल्याही संस्थेत विचारून बघा. उत्तर सगळ्यांना माहीत असतं, फक्त बैठकीत कुणी काढत नाही. पहिली ‘क्षेत्र कार्यकर्ती’, दुसरी ‘समन्वयक’. चौकीतल्या हवालदाराशी कसं बोलायचं, सासरच्यांना कधी बोलवायचं आणि कधी मुळीच बोलवायचं नाही, हे पहिलीला कळतं. दुसरीला अहवाल इंग्रजीत लिहिता येतो. मी ह्यातली दुसरी म्हणून ह्या कामात आले, तेव्हा मी हे कुणाकडे बोट दाखवून लिहीत नाहीये.

गेली दोन वर्षं आमच्या गटातल्या चौघीजणी पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची तयारी करत आहेत. तिघींना समाजकार्य करायचंय, एकीला वकिली. चौघी मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या, दोघी तर लग्नानंतर मुक्त विद्यापीठातून. आठवड्यातले दोन दिवस संध्याकाळी आम्ही इंग्रजी उतारे वाचतो. त्या अनुभवावरून काही मांडायचं आहे.

आधी परीक्षेबद्दल. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी राष्ट्रीय पातळीवर सीयूईटी-पीजी ही एकच परीक्षा होते. ती एनटीए घेते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची पूर्वी स्वतःची परीक्षा होती, आता तीही ह्याच वाटेने प्रवेश देते. भाषाविषयांसारखे काही पेपर सोडले तर प्रश्न दोनच भाषांत, इंग्रजीत आणि हिंदीत. आता गंमत बघा. हीच एनटीए बारावीनंतरची सीयूईटी आणि नीट तेरा भाषांत घेते, त्यात मराठी आहे. म्हणजे अठराव्या वर्षी मुलीला मराठीत विचार करण्याची मुभा आहे, एकविसाव्या वर्षी नाही. मधल्या तीन वर्षांत मराठी कुठे गेली? आपल्या राज्याच्या सीईटी कक्षाला तीन वर्षांच्या एलएल.बी.चे प्रश्न मराठीत देता येतात (इंग्रजीचा एक विभाग तिथेही असतोच), तर दिल्लीला न जमण्यासारखं त्यात काय आहे?

‘मग हिंदीतून द्या की’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पेपरातली हिंदी ही सिनेमातली हिंदी नव्हे. ती इंग्रजीवरून केलेली सरकारी हिंदी असते आणि भाषांतरात घोळ वाटला तर इंग्रजी मजकूरच अंतिम, असं सूचनापत्रकातच छापलेलं असतं. म्हणजे फिरून इंग्रजीशीच गाठ.

मराठीतून परीक्षेची मागणी आपण केलीच पाहिजे आणि जोरात केली पाहिजे. पण ती मान्य होईपर्यंत आमच्या ह्या चौघींनी थांबायचं का? एकीचं वय अडतीस आहे. तिच्यापाशी तेवढा वेळ नाही.

आता अभ्यासाविषयी. क्लासवाले आणि आजूबाजूचे भाऊ-पुतणे पहिल्यांदा हातात शब्दांची यादी देतात. फूटपाथवर ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ मिळतं, तेही येतं. नॉर्मन लुइसचं हे पुस्तक १९४९ चं, वाईट नाही, पण ज्याला वाक्य वाचता येतं त्याच्यासाठी ते आहे. काही याद्या तर अमेरिकेच्या जीआरई परीक्षेसाठी केलेल्या असतात. त्या परीक्षेने नुसते विरुद्धार्थी शब्द विचारणं २०११ मध्ये बंद केलं, याद्या मात्र अजून झेरॉक्स होत फिरतायत. आमच्यातल्या एकीने अशा यादीतले दीडशे शब्द पाठ केले होते. ‘अ’ पासून सुरुवात केलेली, त्यामुळे ‘ए’ अक्षराचे सगळे अवघड शब्द तिला येत होते आणि उतारा मात्र कळत नव्हता.

कारण माणूस मोठ्या शब्दात बुडत नाही, छोट्या शब्दात बुडतो. ‘अनलेस’ घ्या. ह्या शब्दाच्या पोटातच नकार आहे. मराठीत आपण ‘जोपर्यंत नाही तोपर्यंत’ असा तो उघड करून सांगतो. ‘हार्डली’ दिसायला निरुपद्रवी, पण आख्खं वाक्य उलटं करतो. ‘ऑल बट’ म्हणजे जवळजवळ, आणि ‘एनीथिंग बट’ म्हणजे मुळीच नाही! हे शब्द यादीत नसतात. ते सोपे समजले जातात ना.

दुसरी अडचण वाक्याच्या घडणीची. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे आपण शेवटची वाट बघत वाचतो. इंग्रजीत कर्त्यापाठोपाठ क्रियापद येऊन जातं आणि मग ‘व्हिच’, ‘दॅट’ची लांब शेपटी सुरू होते. काही वेळा कर्ता आणि क्रियापद ह्यांच्या मध्येच तीन ओळींचं शेपूट घुसवलेलं असतं. आम्ही आधी फक्त कर्ता आणि क्रियापद शोधतो. कुणी, काय केलं? बाकीचं मागाहून. पहिल्यांदा पेन्सिलीने खुणा केल्या, नंतर ते बंद केलं, कारण परीक्षा संगणकावर असते आणि पडद्यावर पेन्सिल चालत नाही. आता ऑफिसच्या संगणकावरच वाचतो. डोळ्यांना सवय व्हायला दोन महिने गेले.

पण खरी वाट सापडली ती घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात. २००५ चा कायदा आमच्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ आहे. शिबिरं घेऊन घेऊन त्या तो इतरांना शिकवतात. मग मी त्याचं कलम १७ इंग्रजीत समोर ठेवलं. सुरुवातच ‘नॉटविथस्टँडिंग’ अशा अक्राळविक्राळ शब्दाने. पण दुसऱ्या कुठल्याही कायद्यात काहीही असलं तरी बाईला त्या सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे, मग घर तिच्या मालकीचं असो वा नसो, हे त्यांना आधीच माहीत होतं. अर्थ ठाऊक असल्यावर वाक्य उलगडायला किती वेळ लागतो? ‘असलं तरी’ म्हणजे हा शब्द, ‘असो वा नसो’ म्हणजे ‘व्हेदर ऑर नॉट’. पाच मिनिटांत आख्खं कलम सुटं झालं. ‘अ‍ॅग्रीव्ह्ड’ हा शब्द यादीत असता तर पाठ करावा लागला असता. इथे ती पीडित व्यक्ती, जिच्यासाठी आपण कोर्टात जातो. त्याच कुळातले ‘ग्रीफ’ आणि ‘ग्रीव्हन्स’ पाठोपाठ आले. गटात २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा कायदाही इंग्रजीत वाचून झाला.

ह्यातून एक मजेशीर वही तयार झाली आहे. एकाच शब्दाचे कामातले आणि उताऱ्यातले अर्थ. ‘मेंटेनन्स’ म्हणजे आमच्याकडे पोटगी; फ्लॅटवाल्यांकडे दरमहाचा आकार; उताऱ्यात यंत्राची निगा. ‘सेंटेन्स’ म्हणजे वाक्य आणि शिक्षाही. ‘इश्यू’ म्हणजे मुद्दा, पण वारसाच्या कागदपत्रात अपत्य. ‘सँक्शन’ तर कमालच करतो: मंजुरीही तोच आणि निर्बंधही तोच.

आपल्या मराठीचाही उपयोग होतो. मातृ आणि ‘मेटर्नल’, दंत आणि ‘डेंटल’, अनामिक आणि ‘अ‍ॅनॉनिमस’ ही नाती खरी आहेत, एकदा दाखवली की विसरत नाहीत. मात्र फसवणूकही आहे. ‘इन्व्हॅल्युएबल’ म्हणजे बिनमोलाचं नव्हे, अनमोल.

आता एक गोष्ट मला आमच्याच मैत्रिणींविषयी सांगायची आहे. कार्यकर्त्या उताऱ्याशी भांडतात. बचत गटांच्या कर्जामुळे बायका सक्षम होतात असं एका उताऱ्यात होतं. आमची एक मैत्रीण बारा वर्षं गट चालवते. कर्ज बाईच्या नावावर आणि पैसा नवऱ्याच्या हातात, हे तिने शंभरदा पाहिलंय. प्रश्न होता ‘लेखकाच्या मते’ काय, आणि तिने उत्तर दिलं स्वतःच्या मते. तिचं उत्तर खरं होतं, परीक्षेत चूक. ह्यावर आमचा संबंध एक तास वाद झाला. ‘त्याचं खोटं मी कशाला खरं म्हणू?’ तिचा सवाल. मला तो आवडला, पण मी तिला सांगितलं की कोर्टात समोरच्या वकिलाचं म्हणणं आपण नीट ऐकतोच ना, पटत नसलं तरी? ते जसंच्या तसं सांगता आलं, तरच खोडता येतं. तेव्हापासून ती प्रत्येक उताऱ्याखाली आधी लेखकाचं म्हणणं एका ओळीत लिहिते आणि मग त्याखाली आपलं. दुसरी ओळ बहुतेक वेळा जास्त चांगली असते.

भीतीचाही एक हिशेब आहे. सीयूईटी-पीजीत बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. बायका प्रश्न सोडून देतात. चूक होण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतंच. फळ्यावर आकडे मांडले. चार पर्याय, चार प्रश्न, डोळे मिटून खुणा केल्या तर सरासरी एक बरोबर, तीन चूक. चार वजा तीन, तरी एक गुण हातात उरतो. त्यातून एखादा पर्याय नक्की चूक आहे हे कळलं तर फायदा आणखी वाढतो. गप्प बसण्यात सुरक्षितता नाही, हे गणिताने सिद्ध झाल्यावर चौघींच्या रिकाम्या जागा निम्म्यावर आल्या.

आता संघटनेचं काम म्हणून काय? माझं म्हणणं सरळ आहे. हा अभ्यास कामाच्या वेळेत, पगारी वेळेत झाला पाहिजे. आठवड्याला चार तास. घरी बाईला अभ्यासाचा वेळ मिळत नाही, हे आपण दुसऱ्यांच्या घरांबद्दल भाषणातून सांगतो. आपल्या कार्यकर्तीचं घर काय वेगळं आहे? भाकऱ्या झाल्या, मुलांचं झालं, सासूचं औषध झालं, की साडेदहा वाजतात, आणि त्या वेळी इंग्रजी उतारा म्हणजे शिक्षा. परीक्षेचं शुल्क आणि केंद्रावर जाण्यायेण्याचा खर्च प्रशिक्षणाच्या रकमेतून द्यावा. वार्षिक शिबिराचा एक दिवस कमी केला तरी हे भागतं.

ह्यावर दोन आक्षेप येतात. एक, शिकून त्या संस्था सोडून जातील. जातील, काही जणी जातीलच. समन्वयकही जातात, त्यांना आपण निरोप समारंभ करतो. दुसरा आक्षेप जुन्या मैत्रिणींचा, आणि त्याला वजन आहे: इंग्रजी ही वरच्या वर्गाची भाषा, तिच्यामागे आपण का धावायचं? पण सावित्रीबाईंनी १८५४ च्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिकण्यावर कविता लिहिल्या त्या काही साहेबाचं कौतुक म्हणून नव्हेत. ज्यांना संस्कृतच्या दारातून आत घेतलं जात नव्हतं त्यांच्यासाठी हे दुसरं दार होतं. आज त्याच दाराशी नवा दरवान बसला आहे एवढाच फरक. शहरातल्या इंग्रजी शाळांतून आलेल्या मुलींना तो विचारतही नाही. आम्ही तर पाचवीत पहिल्यांदा एबीसीडी गिरवली. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली.

शेवटी एक विनंती. आम्हांला वाचायला साहित्य हवं आहे. १९७४ चा ‘टुवर्ड्‌स इक्वॅलिटी’ हा स्त्रियांच्या दर्जाविषयीचा अहवाल आणि इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाचा १९८८ चा ‘श्रमशक्ती’ अहवाल, ह्यांच्या इंग्रजी प्रती कुणाकडे कपाटात पडून असतील तर त्यातल्या काही प्रकरणांच्या झेरॉक्स पाठवा. परीक्षेतले उतारे ह्याच धर्तीच्या गद्यातले असतात, आणि विषय आपला असला की आमच्या बायका नेटाने वाचतात. तुमच्या संस्थेचे जुने इंग्रजी अहवालही चालतील. त्यातल्या काही वाक्यांचा कर्ता आम्हांलाही सापडत नाही, पण सराव होतो.