जुन्या गाड्यांची हौस आणि कागदाचा काच

विशेष प्रतिनिधी

धाराशिव : छत उतरवलेली, रुंद टायरवर उभी केलेली, लखलखीत रंगाची जुनी जीप मराठवाड्यात आता नवलाईची राहिलेली नाही. वरातीत आणि मिरवणुकीत तिला मान असतो. नव्या 'थार'ची किंमत ज्यांच्या आवाक्याबाहेर आहे, अशा तरुणांना जुनी जीप, मारुती ८०० किंवा एस्टीम स्वस्तात घेऊन गॅरेजवाल्याच्या मदतीने ती मनाजोगती घडवणे हाच मार्ग दिसतो. मात्र ही गाडी निवडताना पाहिली जाते ती किंमत आणि बॉडी. कागद शेवटी पाहिले जातात. नेमकी तिथेच फसगत होते.

ही हौस मूळची अमेरिकेतील कॅलिफोर्नियाची. फोर्डने १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून अधिक 'मॉडेल टी' मोटारी विकल्या. त्या जुन्या झाल्यावर मातीमोल भावात मिळू लागल्या. तिशीच्या दशकात तरुणांनी त्यांचे मडगार्ड, छत काढून वजन घटवले, इंजिनात फेरफार केले आणि कोरड्या तलावांच्या सपाट पात्रात त्या पळवल्या. १९३२ मध्ये फोर्डचे आठ सिलिंडरांचे इंजिन आल्यावर तर या खेळाला भरते आले. पुढे अशा गाड्यांना 'हॉट रॉड' हे नाव पडले. त्या मोटारींची बॉडी चासीपासून वेगळी करता येत असे, म्हणूनच हे स्वस्तात साधले.

आपल्याकडे हा गुण जीपमध्ये आहे. धाराशिव जिल्ह्यातील गावोगावी वर्षानुवर्षे प्रवासी वाहिलेल्या काळ्या-पिवळ्या जीपा भक्कम चासीवर उभ्या असतात. सुटे भाग मिळतात, साध्या लेथवर आणि वेल्डिंगच्या दुकानात बरेचसे काम होते. ऐंशीच्या दशकात आलेल्या जिप्सीचेही तसेच. उलट पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर आणि मारुती ८०० यांची बॉडी व सांगाडा एकजीव असतो. छत कापले की गाडीचे बळच जाते. खड्ड्यात दरवाजे लागेनासे होतात. कॉन्टेसा दिसायला देखणी, मागच्या चाकांवर चालणारी. पण तिचे उत्पादन २००२ च्या सुमारास थांबले, सुटे भाग शोधताना नाकी नऊ येतात. थोडक्या पैशांत वेगाची हौस भागवायची तर एस्टीम बरी. तिचे १,२९८ सीसीचे इंजिन हलक्या बॉडीला पुरून उरते आणि कापाकापी न करताही गाडी पळते.

पण गाडी कशी पळते यापेक्षा आरसी बुकात काय लिहिले आहे, याला कायद्याच्या लेखी अधिक महत्त्व आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळातील एका प्रकरणात हीच भूमिका अधोरेखित केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्हीची तरतूद झाली. प्रत्येक बदलामागे, हे शब्द हौशी मंडळींनी नीट वाचावेत. अपघात झाला आणि बदल विमा कंपनीला कळवलेले नसले, तर भरपाई नाकारली जाण्याची भीती वेगळीच.

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्याने करावी लागते आणि पुढे दर पाच वर्षांनी. हे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले. वीस वर्षांवरील मोटारींसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते १०,००० रुपयांवर गेले. पर्यावरण कर निराळा. म्हणजे स्वस्तात मिळालेली गाडी पासिंगच्या दारात महाग होते. तपासणीत चासी किंवा इंजिनाचा क्रमांक जुळला नाही, तर ओतलेला सारा पैसा अडकतो. हरियाणातील मंडी डबवाली सजवलेल्या जीपांसाठी प्रसिद्ध आहे. तिथली वा अन्य कुठलीही परराज्यातील जीप घेताना आधी नाहरकत प्रमाणपत्र आणि चासी क्रमांक तपासावा, रंग नंतर पाहावा.

'व्हिंटेज' नोंदणीची पळवाटही इथे चालत नाही. जुलै २०२१ च्या नियमांनुसार त्यासाठी वाहन पन्नास वर्षांहून जुने हवे आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा.

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. भंगारातील भाग जमवून, सुमारे साठ हजार रुपये खर्चून त्यांनी छोटी जीप घडवली; ती दुचाकीसारखी किक मारून सुरू होते. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्र यांनी तिचे जाहीर कौतुक केले. त्याच वेळी ती नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या अडवली जाईल, हेही स्पष्टपणे सांगितले आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली. कौतुक झाले, पण त्या जीपला नोंदणी मिळवून देणारी वाट मात्र कुणाला दाखवता आली नाही.

जर्मनीत बदललेल्या गाडीची तज्ज्ञ अभियंत्याकडून तपासणी होते आणि मान्य बदलाची कागदोपत्री नोंद होते. आपल्याकडे अशी सोय मुख्यतः सीएनजी, एलपीजी वा विजेवर चालवण्याच्या मान्यताप्राप्त संचांपुरती आहे. हे संच पुण्याच्या 'एआरएआय'सारख्या संस्थांत तपासले जातात. कर्णकर्कश सायलेन्सर लावणाऱ्यांवर कारवाई व्हायलाच हवी. परंतु ब्रेक सुधारणारा कारागीर आणि सायलेन्सर फोडणारा उडाणटप्पू यांना एकाच तागडीत तोलणे न्यायाचे नाही.

तोवर हौशी ग्राहकाच्या हाती उरते ते एवढेच : नोंदणी जिवंत असलेली, दोन्ही क्रमांक जुळणारी आणि सांगाडा न गंजलेली गाडी घ्यावी. इंजिन मूळ मापाने बांधून घ्यावे, ब्रेक व सस्पेन्शन नीट करावे. इंजिन तशाच दुसऱ्या इंजिनाने बदलले किंवा रंग पालटला, तर परिवहन कार्यालयात त्याची नोंद करून घ्यावी. छत मात्र कापू नये.