अपंग नेमबाज आणि दहा मीटरचे अंतर

३० ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोच्या पॅरालिंपिक स्पर्धेत जयपूरच्या अवनी लेखरा यांनी दहा मीटर एअर रायफल प्रकारात सुवर्णपदक मिळविले. पॅरालिंपिकमध्ये सुवर्ण मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्याच दिवशी त्याच प्रकारातील पुरुषांच्या अंतिम फेरीत कोल्हापूरचे स्वरूप उन्हाळकर चौथे आले. पहिली बातमी देशभर गाजली; दुसरी महाराष्ट्रातदेखील फार दिवस कोणाच्या स्मरणात राहिली नाही. चौथ्या क्रमांकाला आपल्याकडे किंमत नसते, ही गोष्ट नवी नव्हे. परंतु पोलिओने पाय निकामी केलेला एक मराठी तरुण जगातील पहिल्या चार रायफल नेमबाजांत जाऊन बसतो, या घटनेतून उभा राहणारा प्रश्न पदकाचा नाही. अशी माणसे कोठून येऊ शकतात आणि कोठून येऊच शकत नाहीत, हा तो प्रश्न आहे.

नेमबाजी हा खेळ अपंगांना दयेपोटी मोकळा केलेला खेळ नव्हे. १९७६ च्या टोरांटो स्पर्धेपासून तो पॅरालिंपिकमध्ये आहे. एअर रायफलच्या लक्ष्यावरील मधला ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि तो सर्वांना सारखाच लहान असतो. ज्याला रायफलचे वजन स्वतः पेलता येते त्याचा एक गट आणि ज्याच्या हातांत तेवढे बळ नाही त्याचा दुसरा; या दुसऱ्या गटातील नेमबाजाला रायफल स्प्रिंगच्या आधारावर ठेवता येते, आणि छर्रा भरण्यासाठी मदतनीसही घेता येतो. मात्र नेम आणि चाप त्याचाच. श्वास रोखणे, हृदयाच्या दोन ठोक्यांमधली शांतता पकडणे, हे काम पायांचे नाहीच. हंगेरीच्या सैन्यातील कारोली ताकाच यांचा उजवा हात १९३८ साली सदोष हातबाँबने निकामी केला. त्यांनी डाव्या हाताने पिस्तूल चालविण्याचा सराव केला आणि १९४८ व १९५२ अशा दोन ऑलिंपिकमध्ये धडधाकट स्पर्धकांना मागे टाकून सुवर्णपदके मिळविली.

बंदूक म्हटली की सामान्य वाचकाच्या मनात भीती उभी राहते, आणि ती अगदीच निराधार नाही. पाश्चात्त्य देशांत, विशेषतः अमेरिकेत, अनेक हौशी नेमबाज झाडलेल्या काडतुसाचे पितळी कवच पुन्हा वापरतात. त्यात नवी टोपी, दारू आणि गोळी बसवून घरच्या घरी काडतूस तयार करतात. त्यांत अपंग नेमबाजही आहेत, आणि एका हाताने चालविता येतील अशी यंत्रेही तेथे मिळतात. खर्च वाचतो हे खरे. पण या कामातील धोका हात थोटा असण्यात नसतो, लक्ष विचलित होण्यात असतो. दारू दोनदा पडली तर रायफल फुटते. पडलीच नाही तर गोळी नळीतच अडकते आणि मागून येणारी गोळी नळी फोडते. धडधाकट माणसालाही ही चूक क्षमा करीत नाही.

आपल्या कायद्याने हा मार्ग जवळजवळ बंदच ठेवला आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात दारूगोळ्याच्या व्याख्येत तो तयार करण्याची यंत्रसामग्रीही येते, आणि परवान्याशिवाय त्याचे उत्पादन हा गुन्हा ठरतो. हा निर्बंध योग्यच आहे. जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याच्या आयुधनिर्माणीत, सर्व शिस्त आणि यंत्रणा असलेल्या ठिकाणी, स्फोट होऊन कामगारांचे बळी गेले. तेव्हा घराच्या पडवीत दारू तोलण्याची मुभा कोणी मागू नये. पन्नास मीटर रायफलच्या स्पर्धेसाठी तर हा प्रश्न उद्भवतच नाही: तेथील बारीक बावीसच्या काडतुसात पेट घेणारा मसाला कडेच्या घडीतच भरलेला असतो, त्यामुळे ते पुन्हा भरण्याजोगे नसते. उत्तम प्रतीची ही काडतुसे परदेशांतून येतात आणि ती स्वस्त नाहीत. पण ज्या प्रकारात लेखरा जिंकल्या आणि उन्हाळकर चौथे आले, त्यात दारूचा कणही लागत नाही. हवेच्या दाबाने सुटणारा शिशाचा छर्रा एवढेच त्याचे साहित्य. ०.१७७ इंचांपर्यंत व्यासाच्या आणि वीस जूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. विकत घेताना ओळखीचा पुरावा दाखविला की काम भागते. स्पर्धेची एअर रायफल या मर्यादेच्या पुष्कळ आत बसते. म्हणजे कायदा आड येत नाही, स्फोटाची भीती नाही, आणि जागा लागते ती दहा मीटरची.

ही दहा मीटरची जागा कोणाला मिळते? लेखरा यांना २०१२ साली मोटार अपघातानंतर पाठीच्या कण्याची दुखापत झाली. नेमबाजीचे मैदान त्यांच्या शहरातच होते. कोल्हापूरला नेमबाजीची परंपरा आहे: २०१० मध्ये जगज्जेत्या झालेल्या तेजस्विनी सावंत त्याच जिल्ह्याच्या. आता जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातील वांगणीकडे पाहावे. (बदलापूरनजीकचे रेल्वे स्थानक ते हे नव्हे.) वावर-वांगणी हे नाव महाराष्ट्राला १९९२-९३ च्या बालमृत्यूंमुळे ठाऊक झाले. जव्हारला रेल्वे नाही. महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज मुंबईत वरळीला आहे. पाय लुळा असलेल्या वारली किंवा कातकरी मुलाने तेथवर जावे कसे, हा भूगोलाचा प्रश्न झाला. तेथे काही आहे हे त्याला कळावे कसे, हा त्याहून आधीचा.

येथे एक आक्षेप साहजिकच येईल. जेथे मुलांच्या पोटाला अन्न पोचविण्यात शासनाची वर्षानुवर्षे दमछाक झाली, तेथे रायफलीच्या गोष्टी करणे ही क्रूर थट्टा नव्हे काय? थट्टा ठरेलही, जर अन्नाऐवजी रायफल देण्याचे कोणी म्हणत असेल. पण वांगणीच्या मुलाला जगविणे एवढेच आपले कर्तव्य, आणि पुढे त्याने काय करावे हे ठरविण्याचा हक्क जयपूर-कोल्हापूरच्या मुलांचा, असे मानणे ही दयेच्या नावाखालची दुसरी उपेक्षा आहे. अपंगांना 'दिव्यांग' म्हणावयाचे शासनाने ठरविले, त्यांच्यासाठी महाराष्ट्रात २०२२ मध्ये स्वतंत्र विभागही निघाला. शब्दांत आणि पाट्यांत बदल करणे तुलनेने सोपे असते. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क अधिनियमाचे तिसावे कलम मात्र अपंगांचा खेळांत प्रभावी सहभाग होईल अशी व्यवस्था करण्यास आणि त्यासाठी निधी राखण्यास शासनाला बांधते. हे कलम केवळ राजधानीपुरते लिहिलेले नाही.

स्पर्धेच्या दर्जाची रायफल लाख-दोन लाखांच्या पुढे जाते. ती घरी कोणी घ्यावी असे कोण म्हणेल? आश्रमशाळेच्या एखाद्या लांब खोलीत दोन-तीन साध्या रायफली, कागदी लक्ष्ये, मागे छर्रे अडविणारी मजबूत भिंत आणि कुलूपबंद कपाट असले, तर आरंभाला पुरे. एक गोष्ट विकत मिळत नाही: प्रशिक्षक. तो आणावा लागेल, आणि जव्हारला राहण्यास तयार असलेला आणावा लागेल. येथे योजना बहुधा अडतील.

त्याआधीही एक अडथळा आहे, आणि तो पैशांचा नाही. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलचे कांस्यपदक मिळविणारे स्वप्नील कुसाळे हे राधानगरीजवळच्या कांबळवाडी या खेड्यातले. ते शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आले. म्हणजे खेड्यातील मुलाला उचलून नेमबाज करण्याची यंत्रणा राज्यापाशी आहे, आणि तिने आपली योग्यता सिद्धही केली आहे. पण या प्रबोधिनीत शिरण्यासाठी लहान मुलांच्या ज्या चाचण्या घेतल्या जातात, त्या उंची, वजन, तीस मीटर आणि आठशे मीटर धाव, उभी लांब उडी, उंच उडी, चेंडूफेक अशा आहेत. कुबडी घेऊन आलेले मूल पहिल्याच धावेला बाद होते, मग त्याचा हात कितीही स्थिर असो. या यादीत बसून द्यावयाची एक स्थैर्याची आणि एकाग्रतेची चाचणी घालण्यास निधी लागत नाही. एक शासकीय निर्णय लागतो, आणि ती चाचणी पालघरऐवजी जव्हारला घेण्याची तयारी लागते.