नानीच्या रकाती मोजणं थांबवूया

गेल्या रमजानात भर दुपारी नानी स्वयंपाकघरात चपाती खाताना दिसली आणि मी ओरडलो, "नानी, रोजा आहे ना!" ती दचकली. तोंडातला घास तिनं हातावर काढला. रोजा म्हणजे काय, हे तिला आठवत नव्हतं. आपलं काहीतरी चुकलं एवढंच कळलं. जोगेश्वरीतल्या आमच्या घरात त्या दुपारी गुन्हा कोणाचा झाला?

नानीला स्मृतिभ्रंश आहे. शरियतमध्ये इबादत फर्ज होण्यासाठी अक्कल ही अट आहे. अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांतल्या हदीसनुसार तिघांवरून लेखणी उचललेली आहे: झोपलेला, लहान मूल आणि अक्कल गमावलेला. सगळं जाणल्यानंतर काहीच न कळण्याच्या वयाचा उल्लेख कुरआनातही आहे (सूरह नहल, 16:70).

अर्थात प्रत्येक विसराळू माणूस यात येत नाही. आजाराच्या सुरुवातीला समज शाबूत असते, म्हणून नमाजही फर्ज राहते. तेव्हा रकाती चुकल्या म्हणून टोकू नका, घरातच जमात करा. मोजायचं काम इमामाचं. समज आहे, पण रोजा झेपत नाही आणि बरं होण्याची आशा नाही, तर फिदया आहे. समजच गेली असेल, तर रोजाही नाही आणि फिदयाही नाही. समज किती उरली आहे ते डॉक्टरांना विचारा, मसला आलिमांना.

जकातीचं मात्र वेगळं आहे. अशा व्यक्तीच्या मालावर हनफी मतानुसार जकात नाही. शाफई मतानुसार आहे, आणि ती पालकानं तिच्याच मालातून द्यायची. आपण कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, शेजारी अनेकदा हनफी. त्यामुळे शेजाऱ्यांचं ऐकून नानीच्या ठेवींचा हिशेब सोडून देऊ नका.

आणि फर्ज उरला नाही म्हणून मुसल्लाही उचलू नका. अजान झाली की नानी आजही ओढणी डोक्यावर घेते. कधी तीन सज्दे करते, कधी एकही नाही. करू द्या.

म्हाताऱ्या आईबापांना 'उफ्'सुद्धा म्हणू नका, हा हुकूम (सूरह इस्रा, 17:23) अक्कल शाबूत असलेल्यांसाठी आहे. नानीवरची लेखणी उचलली गेली आहे. माझ्यावरची त्या दुपारीही चालू होती.