शेवटच्या गाडीचा मान

गेल्या काही वर्षांत मोटारींचा शौक असणाऱ्यांचे गट आपल्या देशात गावोगाव तयार झाले आहेत. कुणी एकाच बनावटीच्या गाडीचे मालक म्हणून एकत्र येतात, कुणी जुन्या गाड्यांच्या प्रेमापोटी, तर कुणाला केवळ लांबचा रस्ता खुणावीत असतो. आठ-दहा गाड्यांचा ताफा पुणे, इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद सोडतो आणि दोन-तीन आठवड्यांनी लेह, तवांग अथवा कन्याकुमारी पाहून परततो. परतलेला प्रत्येक जण निसर्गाचे वर्णन करून झाले की हमखास म्हणतो, ‘पण खरी कमाई म्हणजे मिळालेली माणसे.’ अशा दोन दौऱ्यांत सहभागी झालो असल्याने या उद्गारात अतिशयोक्ती नाही, हे मी जाणतो. तथापि हा स्नेह कशाच्या आधाराने टिकतो, याचा विचार आपण फारसा करीत नाही. तो व्हावा, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम हा स्नेह जमतो कसा, ते पाहू. एरवी आपली ओळख हुद्द्याने, पगाराने आणि कार्यालयाच्या पाटीने होते. ताफ्यात या गोष्टी दुसऱ्याच दिवशी मागे पडतात. पहाटे पाच वाजता थंडीत कुडकुडत टायरमधील हवा तपासणारा मनुष्य कारखानदार आहे की शिक्षक, याच्याशी कुणाला कर्तव्य नसते. त्याच्याजवळ हवा भरण्याचा छोटा पंप आहे, एवढे पुरेसे असते. धाब्यावरच्या खाटेवर बसून चहा पिताना चर्चा चालते ती क्लचची, डिझेलच्या दर्जाची आणि पुढच्या घाटाची. एकाने आणलेले मेतकूट, दुसऱ्याच्या घरचे ठेपले आणि तिसऱ्याचे लोणचे एकाच बॉनेटवर मांडले जाते. समान आवड आणि समान अडचण यांचा योग आला की माणसे लवकर जवळ येतात, हा नित्याचा अनुभव आहे.

परंतु चौपदरी महामार्गावर आणि भरल्या पोटी सगळेच एकमेकांचे सोबती असतात. परीक्षा होते ती पुढे, जिथे रस्ता अरुंद होतो आणि हवा विरळ होते. मनाली ते लेह हा मार्ग शौकिनांच्या यादीत बहुधा सर्वांत वर असतो. ३ ऑक्टोबर २०२० रोजी सुमारे ९ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि रोहतांग खिंडीचा वळसा वाचून मनाली-केलाँग अंतर ४६ किलोमीटरने कमी झाले. पुढचा रस्ता मात्र आजही मनुष्याला नम्र करणारा आहे. बारालाचा खिंड सुमारे ४,९०० मीटर उंचीवर, तंगलंग खिंड सुमारे ५,३०० मीटरवर. तांडी येथील पेट्रोल पंपाजवळची पाटी अनेक वर्षे प्रवाशांना बजावीत असे की, यापुढील पंप ३६५ किलोमीटरवर आहे. मोबाइल फोन मुका होतो असे मोठे टप्पे या वाटेवर लागतात. दुपारी ऊन चढले की बर्फ वितळून ओढ्यांना पाणी वाढते आणि सकाळी सहज ओलांडता येणारा प्रवाह चार वाजता गाडी अडवतो. अशा ठिकाणी मागे राहिलेल्या गाडीचे काय करावयाचे, हा प्रश्न उभा राहतो आणि मैत्रीचा कस तेथे लागतो.

हा प्रश्न मोटारगाडीइतकाच जुना आहे. १९०७ च्या जानेवारीत पॅरिसच्या ‘ल माताँ’ या वृत्तपत्राने पेकिंग ते पॅरिस मोटारीने जाण्याचे आव्हान दिले. १० जूनला पाच वाहने पेकिंगहून निघाली. रस्ते नव्हते, नकाशे अपुरे होते, तारायंत्राचे खांब हीच वाट होती. वाटेत एकमेकांना साहाय्य करावे, असे या मंडळींचे आपसांत ठरले होते. प्रत्यक्षात गोबीच्या वाळवंटात ओग्युस्त पाँस यांची तीनचाकी ‘कोंताल’ रुतली आणि बंद पडली. पुढचे लोक पुढेच गेले. पाँस आणि त्यांचा सोबती यांचे प्राण वाचले ते भटक्या स्थानिक लोकांच्या दयेमुळे. ‘इताला’ गाडीचे प्रिन्स बोर्गेसे १० ऑगस्टला पॅरिसमध्ये विजयी म्हणून दाखल झाले. त्यांच्या जिद्दीविषयी आणि चोख तयारीविषयी आदर वाटतोच. पण मला अधिक भावते ती त्यांच्यामागून आलेल्या दोन ‘द दिआँ’ आणि एका ‘स्पायकर’ची कथा. त्यांच्यातही कुरबुरी झाल्या. गोबीत ‘स्पायकर’चे इंधन संपून तिच्यावरील मंडळी उन्हात ताटकळली. तरीही ही तिन्ही वाहने ३० ऑगस्टला पॅरिसला पोहोचली. बोर्गेसेंच्या तुलनेत त्यांना २० दिवस अधिक लागले. शर्यतीच्या हिशेबात हा पराभव आहे. ताफ्याच्या हिशेबात तिला दुसरे नाव द्यावे लागेल.

दुसरा प्रसंग आपल्या मुंबईशी नाते सांगणारा आहे. १९६८ च्या नोव्हेंबरात लंडनहून सिडनीकडे निघालेल्या मॅरेथॉन शर्यतीतील गाड्या अफगाणिस्तान-पाकिस्तानमार्गे मुंबईला आल्या आणि येथून ‘चुसान’ या जहाजाने ऑस्ट्रेलियाला गेल्या. शर्यत संपण्यास थोडे अंतर उरले असताना, सर्वांत पुढे असलेल्या ल्युसियाँ बियांकी यांच्या सित्रोएनवर समोरून येणारी एक मोटार आदळली. बियांकी गंभीर जखमी झाले. मागून पॅडी हॉपकर्क यांची ऑस्टिन येत होती. पहिला क्रमांक त्यांच्या आटोक्यात होता. हॉपकर्क आणि त्यांचे सहकारी थांबले, जखमींना बाहेर काढण्याच्या कामी लागले आणि विजयाची आशा त्यांनी सोडून दिली. अँड्र्यू कोवन यांची हिलमन हंटर पहिली आली, हॉपकर्क दुसरे आले. आज पन्नासाहून अधिक वर्षांनंतरही त्या शर्यतीची आठवण निघाली की विजेत्याबरोबर, किंबहुना त्याच्याही आधी, थांबलेल्या माणसाचे नाव घेतले जाते.

या दोन प्रसंगांवरून काही माणसे थोर असतात आणि काही नसतात, एवढाच बोध घेणे मला पुरेसे वाटत नाही. आपण बहुतेक जण मध्यम प्रतीची माणसे असतो. थकल्यावर, भूक लागल्यावर आणि अंधार पडू लागल्यावर आपल्यातील चांगुलपणा आखडतो. म्हणूनच ज्या गोष्टी संकटकाळी करावयाच्या, त्या निघण्यापूर्वी ठरवून ठेवाव्यात, असे माझे ठाम मत आहे. पेकिंगचा करार मोडला, कारण कोण कुणासाठी किती थांबणार हे त्यात पक्के नव्हते. सद्भावना होती, जबाबदारी कुणा एकाची नव्हती.

चांगले गट हे ओळखतात. त्यांचे नियम पाहिले तर त्यांत शिस्तीइतकीच माया दिसते. ताफ्याची गती पुढची गाडी ठरवीत नाही, शेवटची ठरवते. प्रत्येक चालकाने आरशात मागची गाडी दिसत आहे ना, हे पाहावयाचे. ती दिसेनाशी झाली तर सुरक्षित जागा पाहून थांबावयाचे. तो थांबला की त्याच्या पुढचाही थांबतो आणि निरोपावाचून सारा ताफा उभा राहतो. वळणावर पुढच्याने मागच्यासाठी थांबून रस्ता दाखवावयाचा. ओढा लागला तर आधी पायी उतरून तळ पाहावयाचा आणि एक गाडी पलीकडे सुखरूप पोहोचल्यावाचून दुसरी पाण्यात घालावयाची नाही. सर्वांत अनुभवी चालक पुष्कळदा ताफ्याच्या शेवटी असतो, आघाडीला नव्हे. दोर, औजारे आणि औषधांची पेटी त्याच्याच गाडीत असते. त्याला धूळ अधिक खावी लागते, छायाचित्रांत तो क्वचित दिसतो आणि मुक्कामी सर्वांत उशिरा पोहोचतो. माझ्या मते ताफ्यात मानाची जागा कुठली असेल तर ती हीच होय.

बँकेत काम करणाऱ्याने पैशाविषयी दोन शब्द लिहिले नाहीत, तर वाचकांना चुकल्यासारखे वाटेल! सामायिक खर्चाचा विषय काढणे अनेकांना मैत्रीत अवघड वाटते. ‘नंतर पाहू’ असे म्हणून तो टाळला जातो आणि परतल्यानंतर त्याच मुद्द्यावर मने दुरावतात. दुरुस्ती, गाडी ओढून नेणे, अकस्मात वाढलेला मुक्काम या गोष्टींसाठी आरंभीच प्रत्येकाने ठराविक रक्कम काढून ठेवावी, एकाने हिशेब लिहावा आणि तो रोज रात्री सर्वांना वाचून दाखवावा. अशा निधीचा मोठा गुण हा की, ज्याची गाडी बिघडते त्याला कुणापुढे हात पसरावा लागत नाही. कर्ज देताना आम्ही जामीनदार मागतो, तेव्हा त्यामागे अविश्वास असतो असा अनेकांचा समज आहे. वास्तविक जामीन म्हणजे ‘हा अडला तर मी उभा आहे’ असे एका मनुष्याने दुसऱ्यासाठी लिहून दिलेले असते. ताफ्यातील प्रत्येक गाडी ही दुसऱ्या गाडीची अशी जामीनदारच असते.

आता सर्वांत कठीण मुद्दा. गाडीच्या बिघाडाला दोर आणि मेकॅनिक सापडतो. माणूस आजारी पडला तर? सुमारे ४,३०० मीटर उंचीवरील सरचू येथे आमच्या सहा गाड्यांच्या ताफ्यातील एका गृहस्थांना रात्री असह्य डोकेदुखी आणि उलट्या सुरू झाल्या. उंचीचा त्रास होत असताना आणखी वर चढू नये आणि तो वाढत असेल तर खाली उतरावे, हा वैद्यकशास्त्राचा स्पष्ट दंडक आहे. लेह एका दिवसावर आले होते. मुक्कामाचे पैसे भरलेले होते. स्वतः ते गृहस्थ म्हणत होते, ‘माझ्यामुळे तुमचा खोळंबा नको, सकाळी बरे वाटेल.’ अशा वेळी आजाऱ्याचे शौर्य खरे मानून पुढे जाण्याचा मोह होतो, कारण ते सर्वांना सोयीचे असते. पण इंदूरहून निघतानाच ठरले होते की, आजाऱ्याच्या शब्दावर निर्णय घ्यावयाचा नाही आणि कोणतीही गाडी एकटी परत पाठवावयाची नाही. उजाडताच त्यांची गाडी एका दुसऱ्या सोबत्याने चालवायला घेतली, आणखी एक गाडी तिच्यामागे निघाली आणि ती मंडळी जिस्पाला उतरली. उरलेले चौघे लेहला गेले. खाली उतरलेल्या सोबत्यांनी त्या वर्षी लेह पाहिले नाही. त्यांपैकी कुणी तो विषय नंतर उपकाराच्या सुरात काढल्याचे मी ऐकलेले नाही.

येथे एक आक्षेप येईल. इतके नियम आले की सहलीतील मोकळेपणा जातो, मैत्रीला कवायतीचे रूप येते, असे काही जण म्हणतात. त्यांनी आपल्या पंढरीच्या वारीकडे पाहावे. लाखो माणसे कित्येक दिवस एकत्र चालतात. त्यांच्यातील प्रेमाबद्दल कुणाला शंका नाही. आणि तरीही प्रत्येक दिंडीचा क्रमांक ठरलेला आहे, रथाच्या पुढे की मागे हे ठरलेले आहे, चोपदाराने दंड उंचावला की टाळ-मृदंग थांबतात. माउलींच्या पालखीच्या तळावर समाजआरतीच्या वेळी हरवल्या-सापडल्या वस्तूंची घोषणा होते आणि दिंड्यांच्या तक्रारीही ऐकल्या जातात. शिस्तीने त्या भक्तीचा ओलावा कमी झालेला नाही. उलट नवखा, म्हातारा आणि दमलेला वारकरी गर्दीत निर्धास्त असतो तो या शिस्तीमुळेच.

आणखी एक गोष्ट. सोबत्यांवरील प्रेम कधी कधी परक्यांना त्रासदायक ठरते. दहा गाड्या एकमेकींना चिकटून धावल्या की मागून येणाऱ्या वाहनास पुढे जाता येत नाही. अरुंद घाटात छायाचित्रांसाठी ताफा उभा केला की मालमोटारी अडकतात. ज्यांच्या गावातून आपण जातो, त्यांच्या वाट्याला धूळ आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या याव्यात हे शोभनीय नाही. ताफ्याचा बंधुभाव ताफ्यापुरताच उरला, तर तो टोळीचा अभिमान होतो. हमरस्त्यावर बिघडलेल्या मालमोटारीमागे दगड आणि झाडाची फांदी ठेवून येणाऱ्यांना सावध करणारा चालक कुठल्याही संघटनेचा बिल्ला लावीत नाही. गोबीत पाँस यांना वाचवणाऱ्यांनी तर मोटारगाडी यापूर्वी पाहिलीही नसेल. अपघातग्रस्तास मदत केली तर पोलीस-कचेरीच्या चकरा माराव्या लागतील, ही भीती पूर्वी अनेकांचे पाय मागे ओढी. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले आणि सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण मिळाले. आता थांबण्यास सबब उरलेली नाही.

आपल्यापैकी अनेक ग्राहकांनी कष्टाने बचत करून किंवा कर्ज घेऊन गाडी घेतली आहे. सुट्टी जवळ आली की एखाद्या ताफ्याचे निमंत्रणही येईल. अवश्य जावे; देश पाहण्याचा आणि माणसे ओळखण्याचा असा दुसरा मार्ग नाही. मात्र होकार देण्यापूर्वी मुक्काम कुठे, जेवण कसे, खर्च किती, या प्रश्नांबरोबर आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा: एखादी गाडी परत फिरली, तर तिच्याबरोबर कोण परत फिरेल? या प्रश्नावर जो गट क्षणभरही घुटमळत नाही, त्याच्याबरोबर खुशाल कितीही लांब जावे. आणि उत्तरात पहिले नाव आपले घालण्याची तयारी असेल, तर तो गटही आपल्याला मोठ्या आनंदाने घेऊन जाईल.