आधी एक ओंडका फोडा

ज्या गोष्टीच्या तावडीतून माणूस एकदाचा सुटतो, ती गोष्ट त्याला लगेच गोड वाटू लागते. शाळा सुटली की शाळा गोड, नोकरी सुटली की साहेब गोड. चुलीचं नेमकं तसंच झालं आहे. आपल्या मध्यमवर्गानं आधी स्टोव्ह घेतला, मग नंबर लावून गॅस घेतला, चुलीला परसदारी हाकललं आणि तिथूनही घालवलं. आता हीच मंडळी रविवारी मोटार काढून चाळीस चाळीस किलोमीटर जातात आणि ‘चुलीवरची भाकरी’ खाऊन येतात. जाण्यायेण्यात जेवढं पेट्रोल जळतं, तेवढ्यात घरच्या गॅसवर आठवडाभराच्या भाकऱ्या होतील. पण असला हिशेब मांडला की बँकेतला माणूस रसिक नसतो, असं ऐकून घ्यावं लागतं.

चुलीवरचं मटण, चुलीवरची मिसळ, चुलीवरचा चहा. हमरस्त्यावर दर फर्लांगाला एक पाटी. चुलीवरचं आइस्क्रीम अजून माझ्या पाहण्यात आलेलं नाही, पण माझा महाराष्ट्रावर विश्वास आहे.

माझं भांडण चवीशी नाही, हे आधीच सांगून टाकतो. निखाऱ्यावर फुगलेल्या भाकरीला एक खरपूस वास असतो आणि तो गॅसच्या निळ्या जाळाला साधत नाही, हे मान्य. मीही ती भाकरी खातो आणि वर लसणीची चटणी मागून घेतो. माझं भांडण आहे ते ‘चुलीवरचं’ म्हणताना डोळे मिटणाऱ्यांशी. डोळे मिटल्यामुळे त्यांना चुलीत काय घातलंय ते दिसत नाही. चुलीत लाकूड असतं, आणि लाकूड झाडावरून थेट उडी मारून चुलीत येत नाही.

आमचं गाव राजापूर तालुक्यात. तिथे पावसाळ्याआधीच्या तयारीला आगोटीची बेगमी म्हणतात. तांदूळ, कुळीथ, मीठ, सुकी मासळी, आणि या सगळ्यांच्या आधी जळण. कारण बाकी सगळं असलं आणि कोरडं लाकूड नसलं, तर तांदूळ चावूनच खायचे. मृग जूनच्या सात-आठ तारखेला लागतो, आणि एकदा कोकणातला पाऊस लागला की चार महिने दारचं काही वाळत नाही. धोतरं वाळत नाहीत, तर लाकडं कुठली वाळणार! म्हणून झाडं थंडीत तोडायची, उन्हाळाभर वाळवायची, वैशाखात फोडायची आणि वळवाचा पहिला शिंतोडा पडायच्या आत छपराखाली घ्यायची. यातली एक तारीख चुकली की व्याज श्रावणापर्यंत भरावं लागतं.

आता तोडायची म्हणजे वाटेल ते झाड तोडायचं नाही. १९६४ सालापासून आपल्याकडे वृक्षतोडीचा कायदा आहे. साग, खैर, ऐन, किंजळ, आंबा, फणस अशा ठरावीक झाडांना स्वतःच्या जमिनीतही परवानगीशिवाय कुऱ्हाड लावता येत नाही. त्यामुळे जळणाचा पहिला घाव हा अर्जावर पडतो. तो पास होईतो मोडून पडलेल्या फांद्या, वठलेला काजू, नारळाच्या झावळ्या, करवंट्या असं गोळा करत राहायचं.

लाकडांचीही खाती असतात. सावर आणि पांगारा म्हणजे चालू खातं. कधी भरलं आणि कधी रिकामं झालं, कळत नाही. भुर्रकन पेटतात आणि राखही धड मागे ठेवत नाहीत. ऐन, खैर म्हणजे मुदत ठेव. पेटायला नखरे, पण एकदा पेटलं की निखारा तासन् तास पुरतो. करवंट्या म्हणजे हातउसने; वेळेला उपयोगी, पण त्यांच्यावर संसार होत नाही.

आणि ओलं लाकूड म्हणजे बुडीत कर्ज. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं. ते चुलीत घातलं की जाळाला आधी त्या पाण्याचं देणं फेडावं लागतं. उकळतं पाणी घेतलं तरी त्यातल्या एका किलोची वाफ करायला सुमारे पाचशे चाळीस किलोकॅलरी लागतात. म्हणजे लाकूड आधी स्वतःचंच पाणी तापवतं आणि मग उरलंसुरलं तुमच्या भाताला. जाळ थंड, ज्वलन अर्धवट, आणि अर्धवट जे राहतं त्याचा धूर. हा धूर कुणाच्या नाकात जातो, तिकडे मी येणारच आहे.

फोडणं ही खरी विद्या. ओंडक्याच्या तोंडाला उन्हानं पडलेली भेग असते. जाणता माणूस ती भेग शोधतो, कुऱ्हाड तिच्यावर टाकतो, आणि ओंडका काही न बोलता दोन होतो. आमच्यासारखे शहरवासी ओंडक्याच्या मधोमध, पूर्ण ताकदीनिशी, डोळे वटारून घाव घालतात. कुऱ्हाड रुतून बसते. मग ओंडक्यासकट कुऱ्हाड उचलून आपटायची, किंवा हळूच चहाला निघून जायचं. गाठ असेल तर कुऱ्हाडीचं काम संपलं. तिथे पाचर आणि घण. आमचे थोरले काका गाठीच्या ओंडक्याला वकील म्हणत. कितीही ठोका, सरळ उत्तर मिळायचं नाही.

रचणंही सोपं नाही. खाली दगडांवर बांबू टाकायचे, नाहीतर वाळवी तळापासून वसुली सुरू करते. भिंतीला चिकटवून रचायचं नाही, वारा खेळला पाहिजे. मोठी फाटी खाली, ढलप्या वेगळ्या, कारण पेटवताना त्याच आधी लागतात. आणि मागच्या वर्षीचं उरलेलं लाकूड पुढे. वाणिज्य शाखेत आम्हाला ‘आधी आलेला माल आधी जावा’ हे तत्त्व दोन तास शिकवलं होतं. आमच्या आजीला ते शाळेत न जाता येत होतं. आषाढात त्या ढिगात हात घालायचा तो कंदील धरून, कारण तीच जागा विंचवाला आणि फुरशाला आवडते. फुरसं म्हणजे वीतभर दिसणारा प्राणी, पण रत्नागिरी जिल्ह्यात त्याच्याबद्दल थट्टेनं कुणी बोलत नाही.

हे सगळं मी एकदा आमच्या शाखाधिकाऱ्यांना ऐकवलं. त्यांना चुलीचं फार. ते म्हणाले, ‘‘अहो, तुम्ही फारच रुक्ष बुवा! तिकडे नॉर्वेत बघा, लाकडावर पुस्तकं लिहितात.’’ ते खरं आहे. लार्श मिटिंग नावाच्या गृहस्थांचं लाकूड तोडणं, फोडणं, रचणं आणि वाळवणं या विषयावरचं पुस्तक तिथे २०११ साली आलं आणि धडाक्यात खपलं. पुढे २०१३ च्या फेब्रुवारीत तिथल्या सार्वजनिक दूरचित्रवाणीनं जळाऊ लाकडावर बारा तासांचा कार्यक्रम केला, त्यातले आठ तास निव्वळ पेटती शेकोटी. लोकांनी तोही पाहिला. आणि तक्रारी काय आल्या? निम्म्या लोकांचं म्हणणं, लाकडं रचताना साल वर ठेवलीय ती चूक. उरलेल्या निम्म्यांचं म्हणणं, साल खाली ठेवलीय ती चूक. हे वाचून मला नॉर्वेबद्दल एकदम आपलेपणा वाटला.

पण साहेब, एक फरक राहिला. तिथल्या शेकोटीला धुराडं असतं, धूर छपरावरून परस्पर निघून जातो. आणि ज्यानं लाकूड फोडलं, तोच संध्याकाळी पाय पसरून त्याच्यापुढे बसतो. आपल्याकडे फोडणारा एक, वाहणारी दुसरी, फुंकणारी तिसरी आणि चव घेणारा चौथाच. बहुतेक घरांत ती दुसरी आणि तिसरी एकच असते.

पुरुषांचं काम बघा. वैशाखात पंधरा दिवस कुऱ्हाड चालवायची, घाम पुसत ताक प्यायचं, आणि पुढे वर्षभर ‘यंदा लाकडं मी एकट्यानं फोडली’ म्हणून सांगायचं. बाईची मोळी पंधरा दिवसांत संपत नाही. डोंगरातून डोक्यावर ती आणायची, पहाटे न्हाणीतलं चुलाण पेटवायचं, मग स्वयंपाकाची चूल, दुपारी पुन्हा, रात्री पुन्हा. त्याची गोष्ट कुणी कुणाला सांगत नाही, कारण रोज घडतं त्याला गोष्ट म्हणत नाहीत.

आमच्या आजीला खोकला होता. तिला दम लागू लागला तेव्हा तालुक्याला नेलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि विचारलं, ‘‘आजी, दिवसाला किती विड्या ओढता?’’ आजी इतकी संतापली की दम लागलेला असूनही तिनं डॉक्टरांची पाच मिनिटं खरडपट्टी काढली. तिनं जन्मात विडीला हात लावला नव्हता. तिनं साठ वर्षं फुंकणी ओढली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं घरातल्या चुलीसारख्या धुरानं २०२० या एका वर्षात जगात बत्तीस लाख माणसं गेली. त्या आकड्यात एकही चवीवरचं वाक्य नाही.

‘‘पण लाकूड फुकट असतं ना?’’ हा सगळ्यांचा लाडका मुद्दा. मी बी.कॉम. आहे, म्हणून या ‘फुकट’चा मला विशेष राग. २०११ च्या जनगणनेत देशातल्या जवळजवळ निम्म्या घरांचं स्वयंपाकाचं इंधन लाकूड होतं. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, दहा कोटींहून अधिक जोडण्या दिल्या गेल्या. चांगलं झालं. पण पुढची टाकी भरायला रोख पैसे लागतात, आणि मोळी आणायला फक्त बाई लागते. म्हणून कित्येक घरांत टाकी पाहुण्यांच्या चहापुरती कोपऱ्यात उभी, आणि रोजचा भात चुलीवर. टाकी महाग आणि लाकूड फुकट! कोणत्या वहीत? ज्या वहीत बाईचे तास नावे टाकायचे राहून गेलेत, त्या वहीत. आमच्या शाखेत कुणी अशी वही लिहिली तर संध्याकाळी घरी जाता येणार नाही. शिल्लक जुळेपर्यंत बसवून ठेवतील, आणि बरोबरच आहे.

परवाच एका ‘अस्सल गावरान’ उपाहारगृहात गेलो होतो. सौ.चा आग्रह. दर्शनी भागात चूल, पुढे नऊवारीतल्या एक बाई भाकऱ्या थापताहेत. गिऱ्हाइकं येतात, त्यांच्याबरोबर फोटो काढतात, खोकतात आणि पंख्याखाली जाऊन बसतात. मी सहज विचारलं, ‘‘ताई, किती वेळ बसता?’’ त्या म्हणाल्या, ‘‘सकाळी अकरापासून रात्री बंद होईपर्यंत.’’ घरी कशावर स्वयंपाक करता, असंही विचारलं. हसून म्हणाल्या, ‘‘गॅसवर. घरी कोण धूर खातंय!’’ भाकरीची जाणकार बाई आणि तिचं मत इतकं स्वच्छ! पण तिथल्या पाटीवर ते छापणार कोण?

आमच्या साहेबांनी आता फार्महाउस घ्यायचं ठरवलंय आणि त्यात चूल घालणार आहेत. लाकडं कोण फोडणार, हे मी विचारलं. ते म्हणाले, ‘‘माळी आहे ना.’’

तेव्हा चूलप्रेमी मंडळींना माझं जाहीर आमंत्रण आहे. येत्या वैशाखात आमच्या गावी या. काका आता ऐंशीचे आहेत, पण अंगणात खुर्ची टाकून चुका काढायला अजून खडखडीत आहेत. कुऱ्हाडीला धार लावून ठेवतो. दोन-चार वकील मुद्दाम बाजूला काढून ठेवू. फोडलेलं तुम्हीच वाहायचं, तुम्हीच रचायचं, आणि संध्याकाळची चूलही तुम्हीच पेटवायची. घरातल्या बायका ओटीवर बसून चव कशी झालीय ते सांगतील. ढिगात फुरसं दिसलं तर फोटो न काढता मागे सरका. येताना अंगात जुना शर्ट घाला. नवा घातलात तरी हरकत नाही, संध्याकाळपर्यंत तो जुना होतो.