खोटी जन्मतारीख

हैदराबादच्या बेगम बाजारात भांडी, मसाले, सुका मेवा आणि किराणा यांची मोठी घाऊक उलाढाल चालते. निजामशाहीच्या काळापासून नांदत आलेल्या या पेठेतील कोणताही व्यापारी दहा वर्षांच्या मुलाच्या सहीवर उधारीने माल देणार नाही. १८७२ च्या करार कायद्याखाली अज्ञान व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्दबातल ठरतो, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहोरी बीबी खटल्यात निःसंदिग्धपणे सांगितले. व्यापाऱ्याला निवाडा ठाऊक नसेल. व्यवहार ठाऊक असतो. परंतु अशाच एखाद्या घरातील दहा वर्षांचा मुलगा मोबाइलवर एका बोटाने परदेशी कंपनीच्या लांबलचक अटी मान्य करतो, आपले छायाचित्र, आवाज आणि आवडीनिवडी तिच्या स्वाधीन करतो, तेव्हा तो करार घरात कोणाला खटकत नाही. खटकतो तो त्याच्या शिक्षकांना. आणि त्यांची ही अस्वस्थता हैदराबादेत जेवढी रास्त आहे तेवढीच पणजीत वा मडगावातही आहे.

इन्स्टाग्रामसारख्या माध्यमांनी खात्यासाठी तेरा वर्षांची अट घातली आहे. तिचे मूळ अमेरिकेच्या १९९८ च्या एका कायद्यात आहे. तेरा वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीविना गोळा करण्यास त्याने मनाई केली. ही अट ओलांडण्यास खोटी जन्मतारीख पुरेशी होते, आणि ती सांगणारा बहुधा घरातलाच कोणी वडीलधारा असतो. पूर्वी जन्माची नोंद नसलेल्या मुलाला गुरुजी अंदाजाने १ जून ही तारीख देत. तीही खोटीच होती, पण मुलाला शाळेचे दार उघडावे म्हणून लिहिलेली. आजची खोटी तारीख मूल स्वतःच्या हाताने लिहिते. मोठ्यांच्या संमतीने केलेल्या असत्याचा हा पहिला धडा असेल, तर मूल्यशिक्षणाच्या तासाला शिक्षकाने कोणत्या तोंडाने उभे राहावे?

शिक्षकाची अडचण येथेच संपत नाही. रात्री मोबाइलवर झालेली टिंगल सकाळी वर्गात भांडण होऊन येते. पाचवीतील मुलीचे खाते आहे हे शिक्षिकेला कळते. पालकांना सांगावे तर घरी मार बसण्याची आणि मुलीचा विश्वास गमावण्याची भीती; न सांगावे तर उद्याच्या अनर्थात आपलाही वाटा. लैंगिक अत्याचाराचा प्रकार असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने तो कळवणे बंधनकारक आहे. त्याअलीकडचे रोजचे प्रश्न मात्र शिक्षकाच्या एकट्याच्या सदसद्विवेकावर सोडलेले आहेत.

त्यातच शाळांचे स्वतःचे वर्तन निर्दोष नाही. २०२० च्या महासाथीत नाइलाजाने व्हॉट्सॲपवर गेलेला गृहपाठ अनेक ठिकाणी तेथेच राहिला. स्नेहसंमेलनातील मुलांच्या चित्रफिती शाळेच्या जाहिरातीसाठी सर्रास वापरल्या जातात. एका तोंडाने मोबाइल टाळा म्हणायचे आणि दुसऱ्या तोंडाने अभ्यास मोबाइलवर पाहा म्हणायचे, ही विसंगती मुलांच्या नजरेतून सुटत नाही. ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत चौदा ते सोळा वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. अभ्यासाच्या निमित्ताने हाती आलेले साधन कोठे रमते, हे सांगण्यास एवढे आकडे पुरेत.

कायदा जागा होऊ लागला आहे. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही, आणि दंडाची जबाबदारी मुलांवर वा पालकांवर नसून कंपन्यांवर आहे. गोव्याचे माहिती तंत्रज्ञान मंत्री रोहन खंवटे यांनीही जानेवारी २०२६ मध्ये अशा बंदीचा विचार बोलून दाखवला. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानून पालकांची पडताळलेली संमती आवश्यक केली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि या तरतुदींच्या अंमलास अठरा महिन्यांची मुदत मिळाली. परंतु पालकच खोटी तारीख सुचवणार असतील तर त्यांच्या संमतीचे मोल ते काय?

यास्तव आरंभ शाळेने आपल्यापासून करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. प्राथमिक वर्गांचा गृहपाठ वहीत परत यावा. मुलांची छायाचित्रे प्रसिद्धीसाठी वापरणे थांबावे. वर्गात असा प्रसंग आढळल्यास कोणाशी, कशा रीतीने बोलायचे याचा लेखी नियम शिक्षक-पालक संघाने करावा, म्हणजे शिक्षक एकटा पडणार नाही. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास मोबाइल व दूरचित्रवाणी बंद ठेवण्याचा निर्णय केला. तेथे नियम मुलांपुरता नव्हता, गावाचा होता. म्हणून त्याला वजन आले.

बेगम बाजारापासून जवळच, जांबागेत, मराठी माणसांनी विसाव्या शतकाच्या आरंभी उभी केलेली विवेकवर्धिनी आहे. शिक्षकाचे काम त्या नावातच सांगितलेले आहे. मुलाचा विवेक वाढेपर्यंत त्याच्या वतीने तो बाळगणे हे थोरांचे कर्तव्य होय, आणि शाळेच्या दाखल्यावरील खऱ्या जन्मतारखेचा मान घरातील मोबाइलनेही राखणे ही त्याची पहिली पायरी आहे.